थेट कमांडो भरती नावाचं काही नसतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत आमच्याच भागातल्या एका कमांडो अकॅडमीवर अर्धं पान मजकूर आला. फोटोत काळे कपडे घातलेली, डोक्याला काळी फडकी गुंडाळलेली पंधरा-वीस पोरं, हातात लाकडी बंदुका आणि मधोमध गॉगल लावलेले संचालक. ही पोरं 'ब्लॅक कॅट होण्याच्या वाटेवर' आहेत, असं आपल्या प्रतिनिधीनं लिहिलं आहे. त्याच पानाच्या खालच्या कोपऱ्यात त्याच अकॅडमीची जाहिरात : 'एनएसजी कमांडो थेट भरती. सहा महिन्यांचा निवासी कोर्स. मोजक्याच जागा.' बातमी कुठं संपते आणि जाहिरात कुठं सुरू होते, हे चष्मा पुसून पुन्हा वाचलं तरी मला कळलं नाही.

म्हणून हे पत्र. लांबलं तर खुशाल कापा, फक्त एवढं कापू नका : एनएसजीत, म्हणजे 'ब्लॅक कॅट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलात, कमांडो म्हणून थेट भरती होत नाही. बारावीनंतर नाही, पदवीनंतर नाही, कुठलाही कोर्स करून नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. १९९८ साली बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई म्हणून लागलो, २०२२ मध्ये हवालदार म्हणून घरी आलो. मधली २००४ ते २००७ ही वर्षं एनएसजीत, दलाच्या मानेसरच्या तळावर गेली. आता औसा तालुक्यात सात एकर कोरडवाहू करतो. पत्राखाली माझं नाव छापू नये ही विनंती. कारण पुढं येईलच.

मानेसरला कोणीही 'लागत' नाही. तिथं डेप्युटेशनवर जातात. दलाचे मुख्य दोन हिस्से. एक स्पेशल ॲक्शन ग्रुप. प्रत्यक्ष आत घुसणारे ते हेच, आणि ते सगळे सैन्यातून आलेले असतात. दुसरा स्पेशल रेंजर ग्रुप. त्यात सीआरपीएफ, बीएसएफ अशा केंद्रीय दलांतले आणि राज्यांच्या पोलिसांतले लोक असतात. वेढा धरणं, मदतीला उभं राहणं, मोठ्या नेत्यांचं रक्षण करणं, ही कामं बरीच वर्षं त्यांच्याकडं होती. दोन्हीकडची माणसं काही वर्षांसाठी येतात आणि मुदत संपली की आपापल्या पलटणीत परत जातात. सरकारला सांभाळायला स्वस्त पडतं म्हणून असं नाही. वयाच्या चाळिशीत दोरावरून खाली उतरून अंधाऱ्या खोलीत पहिलं पाऊल टाकणारा माणूस नको असतो, आणि अठराव्या वर्षाचाही नको असतो. ज्यानं चार-पाच वर्षं पलटणीत काढली आहेत, काश्मिरात नाहीतर ईशान्येकडं गस्त घातली आहे, ज्याच्या कानाजवळून एकदा तरी गोळी गेली आहे आणि तरी ज्यानं डोकं ठिकाणावर ठेवलं आहे, असा माणूस हवा असतो. तो सहा महिन्यांच्या कोर्समध्ये तयार होत नाही, मग फी पन्नास हजार असो की पाच लाख.

आमच्या घरात फी पंच्याऐंशी हजार होती.

माझा भाचा, अक्काचा धाकटा. गेल्या वर्षी सोयाबीनचे पैसे आणि अक्काच्या पाटल्या गहाण ठेवून दाजींनी ती भरली. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं, हे त्यांना माहीत होतं. आणि पोराच्या मनात वेगळंच होतं : 'मामासारखा होऊनच मामापुढं उभं राहायचं.' हे मला नंतर अक्कानं सांगितलं, तेव्हा रागवायचं कुणावर तेच समजेना.

चौथ्या महिन्यात तो लंगडत घरी आला. ट्रॅक्टरचं टायर कमरेला बांधून डांबरी रस्त्यावर रोज पळवत होते. पायात तीनशे रुपयांचे कॅनव्हासचे बूट. लातूरला नेऊन एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, नडगीच्या हाडाला चीर गेली आहे, तीन महिने पळायचं नाव काढायचं नाही. अकॅडमीचं म्हणणं, पोरगं मुळातच कच्चं. फी परत मागायला दाजी तीनदा गेले. तिसऱ्या वेळी त्यांच्या हातावर पैशांऐवजी प्रमाणपत्र ठेवलं. ते मी पाहिलं आहे. जाड कागद, सोनेरी कडा, लॅमिनेशन केलेलं. 'ब्लॅक कॅट कमांडो कोर्स उत्तीर्ण, श्रेणी अ.' म्हणजे पाय मोडून घरी आलेला पोरगा अ श्रेणीत उत्तीर्ण. वर एनएसजीच्या बोधचिन्हाची नक्कल आणि त्याखाली दलाचं ब्रीद, 'सर्वत्र सर्वोत्तम सुरक्षा'. त्यातही 'सर्वोत्तम'मधला एक त खाल्लेला. दाजींना त्याच तालुक्यात राहायचं आहे आणि पैशाची आशा अजून सुटलेली नाही, म्हणून माझं नाव नको म्हणालो.

या अकॅडमीचं 'प्रात्यक्षिक' मी आधीच पाहिलेलं होतं. १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनानंतर. काळ्या कपड्यातल्या पोरांनी पेटत्या रिंगणातून उड्या मारल्या, एकमेकांच्या डोक्यावर कौलं फोडली, एकानं दातानं मोटरसायकल ओढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारी बसलेले एक निवृत्त गुरुजी मला म्हणाले, "तुमी पण हे सगळं केलंय म्हणा की." मी म्हणालो, "गुरुजी, चोवीस वर्षांत माझ्या डोक्यावर कुणी कौल फोडलं नाही." त्यांना वाटलं मी थट्टा करायलोय.

मग मानेसरला करतात तरी काय? आतल्या गोष्टी सांगायच्या नसतात आणि मी सांगणारही नाही. पण जे सगळ्या देशाला माहीत आहे तेवढं सांगायला हरकत नाही.

मी गेलो तेव्हा जानेवारी होता. हरियाणातली थंडी, भोवती अरवलीचे उघडेबोडके डोंगर. पलटणीतून नावं मागवली होती, मी हात वर केला, डॉक्टरी तपासणी झाली, चाचण्या झाल्या, पाठवलं. सुरुवातीचे तीन महिने नुसती परीक्षाच. पळणं, चढणं, अडथळे, ओझं हे सगळं असतं, पण ते पलटणीतही असतंच. मराठा पलटणीतल्या गड्याला (सैन्यात आम्हाला सगळे 'गणपत' म्हणतात) त्याचं काही वाटत नाही. आमच्या खोलीत आठ खाटा होत्या. कोर्स संपला तेव्हा तीन खाटांवर गाद्या होत्या, बाकीच्या गुंडाळलेल्या. गेलेल्या पाचांपैकी चौघं माझ्याहून चांगले पळणारे होते. त्यांना 'आरटीयू' केलं, म्हणजे पलटणीत परत. पळण्यात कमी पडले म्हणून नाही. खोलीत कमी पडले म्हणून.

खोली म्हणजे चार भिंतींची, दार लावलेली, अंधारी. आत पुठ्ठ्याची माणसं. कुणाच्या हातात बंदूक, कुणाच्या हातात पिशवी, कुणाच्या कडेवर लेकरू. जागा दर वेळी बदललेली. दार उडतं, आपण आत, आणि दोन-तीन सेकंदांत ठरवायचं, कुणावर मारायची आणि कुणावर नाही. गोळ्या खऱ्या. पुढं जोडीदार, त्याच्या खांद्यापासून हातभर अंतरावरून तुमची गोळी जाणार, तुमच्या खांद्याजवळून त्याची. तुमचा त्याच्यावर आणि त्याचा तुमच्यावर विश्वास नसला तर तिथंच खेळ संपला. दिवसाला इतक्या गोळ्या झाडायच्या, की संध्याकाळी मेसमध्ये वाटी धरली तरी हात तिला बंदुकीची मूठ समजायचा.

दुसऱ्या आठवड्यात मी पिशवीवाल्या बाईवर मारली. पिशवी काळी होती, मला बंदूक वाटली. दोन गोळ्या, दोन्ही छातीत, नेमबाजी म्हणून एकदम झकास. उस्ताद, म्हणजे शिकवणारे, काही बोलले नाहीत. त्यांनी ती पुठ्ठ्याची बाई उचलली आणि सुतळीनं माझ्या पाठीला बांधली. "आज दिवसभर ही तुझ्याबरोबर राहील," म्हणाले. पीटीला ती, वर्गात ती, जेवायला बसलो तर तिची कड पाठीमागच्या बाकाला लागायची. रात्री नऊला सोडवली. त्यानंतर तीन वर्षांत माझ्याकडून तशी चूक झाली नाही. उस्ताद उत्तर प्रदेशचे होते, भारी शिव्या द्यायचे. त्या दिवशी मात्र एकही दिली नाही.

आणखी एक सवय तिथं लावतात, ती अजून गेली नाही. मारायचं नक्की होईपर्यंत बोट ट्रिगरवर ठेवायचं नाही. बाहेर, सरळ, बंदुकीच्या अंगाला लावून. आता मी सोयाबीनवर फवारणी करतो, त्या पंपाच्या नळीलाही दाबायचा खटका असतो. पिकाच्या ओळीचं टोक येईपर्यंत माझं बोट खटक्याबाहेर सरळ असतं. मालकीण हसते. म्हणते, "अळीला कामून एवढं घाबरताव?"

सांगायचं ते हे, की त्या तीन महिन्यांत मारायला जेवढं शिकवलं त्याहून जास्त न मारायला शिकवलं. आपल्या प्रतिनिधीच्या मजकुरात 'डोळ्यांत अंगार', 'शत्रूचा थरकाप' असले शब्द पाच-सहा ठिकाणी आलेत. डोळ्यांत अंगार असलेला माणूस मानेसरला पहिल्या आठवड्यात घरी जातो.

हे असं का, ते दलाच्या जन्मात आहे. जून १९८४ मध्ये अमृतसरला सुवर्णमंदिरात सैन्य घालावं लागलं, रणगाडे न्यावे लागले. जवान गेले, यात्रेकरू गेले, अकाल तख्ताची वाताहत झाली, आणि त्याचे घाव देशानं पुढं किती वर्षं सोसले ते सगळ्यांना ठाऊक आहे. सैन्य लढाईसाठी असतं. भाविकांच्या गर्दीत, चार भिंतींच्या आत, नेमक्या माणसाला टिपून बाकीच्यांना जिवंत बाहेर काढणं हे वेगळं काम आहे आणि त्याला वेगळी माणसं लागतात, हे त्यातून कळलं. त्याच वर्षी हे दल उभं करायचं ठरलं. इंग्लंडचं एसएएस आणि जर्मनीचं जीएसजी-९ या कमांडो पथकांचा नमुना समोर होता. संसदेत कायदा झाला १९८६ मध्ये. दल गृहखात्याचं, माणसं बरीचशी सैन्याची, अशी ही खिचडी तेव्हापासूनची आहे.

चारच वर्षांत पुन्हा तीच जागा आली. मे १९८८, ऑपरेशन ब्लॅक थंडर. तेच मंदिर, आत पुन्हा हत्यारबंद लोक. या वेळी रणगाडे नाहीत. उंच जागांवर नेमबाज बसवले, वीज-पाणी तोडलं आणि मे महिन्याच्या उन्हात वाट पाहिली. पत्रकारांच्या डोळ्यांदेखत दोनशेच्या आसपास अतिरेकी हात वर करून बाहेर आले. मानेसरला हा पाठ आम्हाला शिकवताना जोर असायचा तो वाट पाहण्यावर. दुर्बिणीला डोळा लावून दिवसभर पडून राहायचं आणि गोळी न झाडता उठायचं, याचं प्रात्यक्षिक झेंडावंदनाला कसं दाखवणार? टाळ्या कोण वाजवणार?

एक आठवण इथंच सांगतो, विषयाला थोडी सोडून आहे. आमच्या तुकडीत एक सरदारजी होता, अमृतसरकडचा. पहिल्या दिवशी मला म्हणाला, "गणपत, गाव कुठलं?" मी म्हणालो लातूर. त्यानं मान हलवली, कधी ऐकलेलं नाही. मग मी म्हणालो, नांदेडच्या शेजारी. तो बूट घालत होता, तो बूट खाली ठेवला आणि दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, "हजूर साहिब!" म्हणाला. ज्या मातीत गुरू गोविंदसिंग विसावले, तिथला माणूस म्हणून तीन वर्षं त्यानं मला कधी एकेरी हाक मारली नाही. मी नांदेडला तोपर्यंत एकदाच गेलो होतो, तेही मावशीच्या सोयरिकीला, आणि गुरुद्वाऱ्याच्या बाहेरूनच परत आलो होतो. हे त्याला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

एप्रिल १९९३ मध्ये दिल्लीहून श्रीनगरला निघालेलं विमान एकानं पळवलं. लाहोरनं उतरू दिलं नाही म्हणून ते अमृतसरला आलं. मध्यरात्रीनंतर एनएसजीचे लोक आत शिरले. अपहरण करणारा मारला गेला, शंभरावर प्रवाशांपैकी एकालाही धक्का लागला नाही. ऑपरेशन अश्वमेध. काही मिनिटांचं काम, आणि त्यामागं कित्येक वर्षांचा सराव. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी नववीत होतो आणि त्याच वर्षी आमच्याकडं दुसरंच काही व्हायचं होतं. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची ती पहाट, ३० सप्टेंबर, किल्लारीचा भूकंप. आमच्या गावात तिसऱ्या दिवशीही ढिगारे उपसणारे होते ते फौजेचे जवान. तोंडाला फडकं बांधून, एक अक्षर न बोलता. माझी आजी त्यांनीच बाहेर काढली, गेलेली, पण अख्खी. मला फौजेत जायचं होतं ते तेव्हापासून. कमांडो वगैरे शब्द मला बेळगावला गेल्यावर कळले.

मानेसरला मी पोहोचलो तेव्हा तिथं एक नाव सारखं कानावर यायचं. सुरजनसिंह भंडारी. दलाचाच कमांडो. सप्टेंबर २००२ मध्ये गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरात शिरलेल्या अतिरेक्यांविरुद्धच्या कारवाईत त्याच्या डोक्यात गोळी लागली होती. त्याच कारवाईत सुभेदार सुरेशचंद यादव जागीच गेले. भंडारी मात्र बेशुद्धावस्थेत झुंजत होता, महिने नाही, दीड वर्ष उलटून गेलं होतं. आमचा कोर्स संपून थोडेच दिवस झाले होते, मे २००४, तेव्हा तो गेल्याचं कळलं. त्या दिवशी खोलीचा सराव नेहमीच्या वेळीच झाला.

आता २६/११. गावात मला कुणी भेटलं आणि एनएसजीचा विषय निघाला, की पहिला प्रश्न ठरलेला : "ताजमधे व्हताव का?" नव्हतो. माझी मुदत २००७ मध्येच संपली होती. मी पलटणीत होतो आणि बराकीतल्या टीव्हीसमोर बसलो होतो. नव्हतो म्हटलं की समोरच्याचा चेहरा उतरतो, जणू मी त्याला फसवलं. टीव्हीवर सगळ्यांचे चेहरे झाकलेले, पण नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून उतरणाऱ्यांत दोघं मी चालीवरून ओळखले. एक जण डावा पाय थोडा फेकून टाकायचा. मेजर संदीप उन्नीकृष्णन ताजमध्ये गेले, हवालदार गजेंद्रसिंह बिष्ट नरिमन हाऊसमध्ये. हवालदार म्हणजे माझ्याच पदाचा माणूस.

त्या रात्री उशीर झाला, यावर फार बोललं गेलं. खरं आहे, झाला. गोळीबार सुरू झाला रात्री साडेनऊच्या सुमारास, आणि मोठं विमान उभं होतं चंदीगडला. ते दिल्लीला आणून, माणसं भरून मुंबईला उतरेपर्यंत पहाट झाली. तिथून बेस्टच्या बसमधून पुढं. कमांडो कितीही तयार असला तरी त्याला पंख नसतात. त्यातून शहाणपण आलं, २००९ मध्ये मुंबई, चेन्नई, कोलकाता आणि हैदराबादला दलाची केंद्रं झाली. आम्हा लातूरकरांना मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ, ते निजामाच्या काळापासूनच. महाराष्ट्रानंही त्याच वर्षी स्वतःचं 'फोर्स वन' उभं केलं. त्यातही पोलिसांतूनच माणसं घेतात, रस्त्यावरून नाही.

आणि त्या तीन दिवसांत वाहिन्यांनी काय केलं तेही आपण पत्रकार आहात म्हणून आठवून देतो. कमांडो कुठल्या गच्चीवर उतरतायत ते थेट दाखवत होते, आणि पलीकडं बसलेले हल्लेखोरांचे सूत्रधार टीव्ही बघून फोनवर सूचना देत होते. कसाबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये यावरून वाहिन्यांना चांगलंच सुनावलं. तुमचं वर्तमानपत्र त्यात नव्हतं, मान्य. पण 'थेट' हा शब्द छापताना जरा जपून, एवढंच.

आमच्याकडं आणखी एक गैरसमज आहे. ब्लॅक कॅट म्हणजे पुढाऱ्याच्या गाडीमागं पळणारा, काळा सफारी घातलेला, कानात वायर असलेला माणूस. हल्ली पंचायत समितीच्या सदस्याबरोबरही असे दोघं दिसतात, बहुधा त्याचेच चुलतभाऊ. एनएसजीकडं काही बड्या नेत्यांचं रक्षण होतं ते खरं, पण मूळ काम ते कधीच नव्हतं, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रानं ते काढून सीआरपीएफकडं द्यायचं ठरवलं. उशिरा का होईना, बरं केलं. बॉम्ब निकामी करणं हेही दलाचं मोठं काम आहे, त्याचा मात्र फोटो कुणी छापत नाही. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटला लेफ्टनंट कर्नल निरंजन गेले ते मेलेल्या अतिरेक्याच्या अंगावरचा हातबॉम्ब हाताळताना. चकमक त्या जागेपुरती संपलेली होती.

आता ज्या पोरांना खरंच जायचं आहे त्यांनी काय करावं? वाट आहे, फक्त ती लांब आहे आणि तिच्यावर फलक नाहीत. आधी शिपाई व्हा. फौजेत जा, केंद्रीय दलात जा, नाहीतर महाराष्ट्र पोलिसांत जा. तिथं चार-सहा वर्षं चांगलं काम करा. मग नावं मागवतील तेव्हा हात वर करा. पॅरा कमांडो व्हायचं असेल तरी आधी सैनिकच व्हावं लागतं, मग महिनोन्‌महिने प्रोबेशन, आणि त्यातून बहुतेक जण परत येतात. यात कमीपणा नाही. मराठा पलटणींचं या कामाशी जुनं नातं आहे. दोन पॅरा ही छत्रीधारी पलटण म्हणजे मूळची तिसरी मराठा. ११ डिसेंबर १९७१ ला बांगलादेशात टांगाइलला छत्रीनं उतरून पुंगलीचा पूल घेतला तो त्यांनीच. २१ पॅरा एसएफ (म्हणजे स्पेशल फोर्सेस) ही मूळची एकविसावी मराठा, तिला 'वाघनख' म्हणतात. कुपवाड्यात २०१५ मध्ये गेलेले साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक त्याच पलटणीचे. अधिकारी व्हायचं असेल तर छत्रपती संभाजीनगरला सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, १९७७ पासूनची, सरकारी. आपल्याच विभागात असून आपल्या तालुक्यातल्या दहा पोरांना विचारलं तर आठांना ती माहीत नसते. अकॅडमीचा फलक मात्र दहाही जणांना पाठ असतो.

सगळ्याच अकॅडम्या वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पहाटे पाचला उठवून पोरांकडून नीट पळवून घेणारे, लेखी परीक्षेचा अभ्यास करून घेणारे, वाजवी पैसे घेणारे काही माजी सैनिक मला माहीत आहेत. ते जाहिरात देत नाहीत, त्यांना परवडत नाही.

आपल्याकडं मागणं एवढंच आहे. रविवारच्या त्या मजकुराचा खुलासा तेवढ्याच ठळक अक्षरांत छापा. पुढं कुणी 'थेट कमांडो भरती' अशी जाहिरात घेऊन आला, तर पैसे घेण्याआधी त्याला भरतीच्या सरकारी जाहिरातीचा कागद मागा. तो कागद त्याला आणता येणार नाही, कारण असा कागद निघतच नाही. पाच मिनिटांचं काम आहे. आणि आपल्या प्रतिनिधीला माझ्याकडं पाठवा, मी चहा पाजतो आणि तीन तास बसून सांगतो, फोटो काढायचा नाही या अटीवर.

भाच्याच्या पायाची पट्टी दिवाळीत सुटली. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मी त्याला कालव्याच्या कडेच्या मातीच्या रस्त्यावर घेऊन जातो, डांबरावर नाही. बूट नवे घेतले. ते प्रमाणपत्र त्यानं स्वतःच देव्हाऱ्यामागून काढून पेटीत तळाला टाकलं, मी काही म्हणालो नव्हतो. परवा मी हातात घड्याळ घेऊन उभा राहिलो. सोळाशे मीटरला सहा मिनिटं दहा सेकंद लागले. फौजेच्या भरतीत पहिल्या गटाचे पूर्ण गुण हवे असतील, तर साडेपाच मिनिटांत पळावं लागतं. आल्यावर धापा टाकत म्हणाला, "मामा, चाळीस सेकंद ऱ्हायलेत." भरतीचं वय संपायला सात महिने आहेत.

आपला,
एक निवृत्त हवालदार, मराठा लाइट इन्फंट्री
ता. औसा, जि. लातूर